शनिवारचा सिनेमा आणि शेवटच्या पानातली खूण

पत्राचा सारांश : कांदिवलीला राहणाऱ्या एका आईने हे पत्र लिहिले आहे. घरात त्या, त्यांचे पती, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि साडेसहा वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. वर्षभरापूर्वी त्यांनी एक प्रथा सुरू केली. मुलांच्या पुस्तकावर बेतलेला एखादा चित्रपट दर शनिवारी रात्री सर्वांनी मिळून पाहायचा, मात्र आधी पुस्तक वाचून संपवायचे, तेही शक्यतो मराठीत. सुरुवातीचे काही महिने उत्साहात गेले, मग मुलगी टाळाटाळ करू लागली. गेल्या महिन्यात ‘जंगल बुक’चा मराठी अनुवाद वाचून झाला, असे तिने सांगितले. पुस्तकातली खूणही शेवटच्या पानात होती. परंतु आईने चार प्रश्न विचारले, तेव्हा ‘का’ नावाचा अजगर मोगलीला गिळायला बघतो, असे उत्तर आले. पुस्तकात तसे नाही, हे आईला ठाऊक होते. त्या शनिवारचा सिनेमा रद्द झाला. पुढच्या शनिवारी आजीच्या आग्रहाखातर नियम बाजूला ठेवून ‘श्यामची आई’ लावला, तर आईच्या मृत्यूच्या प्रसंगी धाकटा इतका रडला, की पुढच्या दोन रात्री तो दिवा मालवू देईना. पती म्हणतात, पुस्तकांचा हट्ट सोड. मुलगी म्हणते, मला सिनेमाही नको आणि पुस्तकही नको. आई विचारतात : नियम सोडला तर मुले पुस्तकांना कायमची मुकतील का, चित्रपट आधी दाखवल्याने त्यांची कल्पनाशक्ती मारली जाते का, की शनिवारचा हा कार्यक्रमच बंद करावा?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : बंद करू नका. तुमचे पती चर्चगेटहून साडेनऊला घरी पोहोचतात, मुलीचा शनिवार क्लासमध्ये जातो आणि सासूबाईंचे गुडघे त्यांना चार जिने उतरू देत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. अशा घरातली पाच माणसे आठवड्यातून एकदा, कुरमुऱ्यांचे एकच पातेले मध्ये ठेवून, दोन तास एकत्र बसतात आणि हे तुम्ही वर्षभर चालवून दाखवले आहे. या शहरात याची किंमत किती आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. बिघडला आहे तो नियम, शनिवार नव्हे.

त्या नियमामागे तुमची तळमळ आहे आणि ती मला मनापासून कळते. तरीही त्यात दडलेली एक समजूत तपासून पाहू या. ‘आधी पुस्तक, मग सिनेमा’ असे म्हणताना आपण मुलांना नकळत सांगत असतो, की पुस्तक हे कष्टाचे काम आहे आणि सिनेमा ही त्याची मजुरी. दोडक्याची भाजी संपवलीस तर श्रीखंड मिळेल, असे म्हणणारी आई दोडका वाईट लागतो, याची ग्वाहीच देत असते. तुमच्या मुलीने अगदी तेवढाच अर्थ घेतला. काम झाल्याचा पुरावा हवा होता, म्हणून तिने खूण शेवटच्या पानात सरकवली. मुलगी खोटे बोलू लागली, याचे तुम्हाला दुःख झाले आहे. परंतु पुस्तक वाचले का, हे जिच्या बाबतीत कधी कोणी तपासलेच नाही, ती मुलगी खूण सरकवत नाही. तिने पकडली जाण्याची भीती टाळली, तुमचा विश्वास तोडण्याचा विचार तिच्या मनात आलाही नसेल.

आता त्या अजगराकडे येऊ. तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे आणि ती तुमच्या हातून निसटली, याची मला हळहळ वाटते. तुमच्या मुलीचे उत्तर चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या ‘का’विषयी होते. १९६७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात ‘का’ खरोखरच मोगलीला गिळायला बघतो आणि तिने तो कुठेतरी पाहिलेला असणार. मूळ लेखक रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात मात्र माकडांनी पळवून नेलेल्या मोगलीला सोडवायला भालू आणि बगीरा जातात, तेव्हा त्यांच्या मदतीला धावतो तो हाच अजगर. तो मोगलीचा मित्र आहे, पण गोंडस मुळीच नाही. सुटका झाल्यावर तो माकडांपुढे जे नाचत डोलत वेटोळे घालतो, ते वाचताना मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. भालू आणि बगीरासुद्धा त्या भुरळीत ओढले जातात आणि मोगली त्यांना हात लावून भानावर आणतो. जो आपल्या बाजूने उभा राहिला, तोच इतका भयंकरही आहे, हे कळायला मुलाला थोडे थांबावे लागते. सिनेमावाल्यांना तेवढी उसंत नव्हती, म्हणून त्यांनी त्याला सरळ खलनायक केले. माकडांचेही तसेच. पुस्तकातल्या माकडांना राजा नसतो, कायदा नसतो, स्मरण नसते आणि तेच त्यांचे दुर्दैव आहे. चित्रपटाने त्यांना एक गाणारा राजा देऊन टाकला.

त्या संध्याकाळी ‘तू वाचलेलेच नाहीस’ असे म्हणण्याऐवजी ‘अगं, माझ्या पुस्तकात तर तो त्याला वाचवतो, मग तुझा अजगर कुठला?’ असे तुमच्या तोंडून निघाले असते, तर मला वाटते, ती स्वतःहून पाने उलटू लागली असती. अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांची लबाडी पकडण्यात जेवढा रस असतो, तेवढा कशातच नसतो. सिनेमाने पुस्तकाशी काय लबाडी केली, हे शोधायला दिले की ती वकिलासारखी पुरावे गोळा करतात आणि पुरावे पुस्तकातच असतात. म्हणजे सिनेमा आधी पाहिल्याने वाचन संपले असे होत नाही, पुष्कळदा ते तिथूनच सुरू होते.

जाता जाता एक सांगते. हा किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, १८६५ साली, आणि त्याचे वडील जिथे शिकवत, त्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात. सीएसएमटीला उतरून चालत जाण्याइतके ते जवळ आहे. मोगलीचे शिवणीचे जंगलही फार लांब नाही, नागपूरच्या पलीकडे मध्य प्रदेशात पेंचच्या परिसरात आहे. ही परदेशातली गोष्ट नाही, एवढे कळले तरी मुलांचा चेहरा बदलतो. शिवाय त्या पहिल्या पुस्तकात सात स्वतंत्र कथा आहेत आणि त्यांतल्या तीनच मोगलीच्या आहेत. सबंध पुस्तक ‘संपवण्याची’ अट तिथे मुळातच गैरलागू होती. अजगराची एक कथा दोन-तीन बैठकींत वाचून झाली असती आणि शनिवारसाठी तेवढी पुरली असती.

कल्पनाशक्ती मारली जाते का, हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. माझे लहानपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. गणपतीत चाळीच्या चौकात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवत आणि पुढे जागा मिळाली नाही, की आम्ही मुले पडद्याच्या मागच्या बाजूला फरशीवर बसत असू. ‘श्यामची आई’ मी पहिल्यांदा पाहिला तो तिथून. नावे उलटी आली आणि ती ओळखण्याची आम्ही पैज लावली. पुढे सबंध चित्रपटभर श्यामची आई प्रत्येक काम डाव्या हाताने करताना दिसली आणि ती डावखुरी आहे, अशी माझी कितीतरी वर्षे पक्की समजूत होती. पुस्तक हाती आले ते नंतर. वाचताना चेहरा चित्रपटात आई झालेल्या वनमालाबाईंचा दिसला आणि हात डावा. म्हणजे सिनेमाने माझ्या मनातली एक जागा आधीच घेतली होती, हे खरे आहे आणि ती जागा मला परत मिळाली नाही. परंतु त्या चेहऱ्यानेच मला पुस्तकापर्यंत आणून सोडले, हेही तितकेच खरे आहे. चादरीमागे बसलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी वर्तमानपत्राखेरीज छापील काही नव्हते. ‘आधी पुस्तक’ असा नियम त्या रात्री कोणी लावला असता, तर आम्हाला दोन्हीही मिळाले नसते.

आता धाकट्याकडे वळते, कारण मला खरी काळजी त्याची वाटली. आजींची काहीच चूक नाही. त्यांच्या पिढीला हा चित्रपट म्हणजे घरातले संस्कार वाटतात आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, याचा अभिमानही आहे. पण साने गुरुजींनी हे पुस्तक कसे रचले आहे, ते आठवून पाहा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना झाली, की मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो आणि थांबतो. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. आईचा मृत्यू येतो तो अगदी शेवटाकडे. तोवर ऐकणाऱ्याने त्या आईबरोबर इतके दिवस काढलेले असतात, की दुःख सोसायचे बळही त्या आठवणींनीच दिलेले असते. शिवाय सांगणारा श्याम आपल्यासमोर धडधाकट बसलेला आहे, हे पहिल्या रात्रीपासून ठाऊक असते. आई गेली तरी मूल जगते, मोठे होते, मित्र मिळवते आणि तिची गोष्ट सांगू शकते, हा दिलासा पुस्तकाच्या घडणीतच आहे. तुमच्या साडेसहा वर्षांच्या मुलाने बेचाळीस रात्रींचा भार दोन-अडीच तासांत, रात्री साडेदहाच्या सुमारास, शेजारी स्वतःची आई बसलेली असताना उचलला. तो रडला नसता, तरच मी काळजी केली असती.

त्याला ‘अरे, तो नुसता सिनेमा होता’ असे सांगू नका, कारण ते खरे नाही. पालगडच्या त्या मुलाची आई खरोखर गेली. ते मूल पुढे मोठे झाले, शिक्षक झाले आणि त्यानेच हे पुस्तक लिहिले, असे सांगा. आणि आजींना विनंती करा, की त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा, दिवा लावल्यानंतर, पुस्तकातली एकेक रात्र त्याला वाचून दाखवावी. सुरुवातीला हलक्या रात्री निवडाव्यात. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आईने कसे बाहेर काढले, ती घ्या. तिथे मार आहे, पण पाठीवरून फिरणारा हातही आहे. शेवटच्या रात्री या वर्षी वाचल्याच पाहिजेत, असे काही नाही. त्या पुस्तकाला थांबून राहता येते.

यातूनच नियमाला एक वेगळा पर्याय सुचतो. तुम्ही ‘वाचणे’ याचा अर्थ प्रत्येकाने एकट्याने, कोपऱ्यात बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत असा धरला आहे. तुमचा मुलगा अजून अक्षरे जुळवतो आहे. मुलगी देवनागरी वाचते, पण इंग्रजीच्या निम्म्या वेगाने, आणि रहस्यात रंगलेल्या मनाला तो वेग सोसत नाही. अशा घरात पुस्तक मोठ्याने वाचले गेले पाहिजे. सासूबाईंना डोळ्यांचा त्रास नाही, असे तुम्ही लिहिले आहे आणि त्यांना दिवसभर बोलायला कोणी नाही, असेही लिहिले आहे. ही दोन वाक्ये तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत टाकली आहेत. ती मला शेजारीशेजारी ठेवावीशी वाटतात.

मराठीविषयी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. एकाच शनिवारकडून तुम्ही वाचन, मराठी आणि कुटुंबाचा सहवास अशा तीन गोष्टी वसूल करू पाहता आहात. राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचे करणारा कायदा २०२० साली झाला. म्हणजे शाळेत सक्ती आहेच, घरीही तीच आली तर मराठी म्हणजे सक्ती, एवढेच मुलांच्या लक्षात राहील. जे पुस्तक मुळात इंग्रजी आहे, ते मुलीला इंग्रजीत वाचू द्या. पण त्यावर भांडायचे ते मराठीत. अजगर चांगला की वाईट, हे आजीला पटवून द्यायचे असेल तर मराठीखेरीज तिच्यापुढे मार्गच नाही आणि ज्या भाषेत मूल हिरिरीने भांडते, ती भाषा त्याच्याकडून जात नाही.

क्रमाबाबत म्हणाल, तर पुस्तक आणि सिनेमा यांच्या प्रत्येक जोडीचा निर्णय वेगळा करावा. रहस्य हाच जिचा जीव आहे, ती गोष्ट आधी पुस्तकातून यावी, कारण एकदा फुटलेले गुपित पुन्हा मिटत नाही. जिथले जग मुलांना परके आहे किंवा भाषा जुनी आहे, तिथे सिनेमा आधी पाहायला मुळीच हरकत नाही. रस्किन बाँड यांची निळ्या छत्रीची गोष्ट इतकी छोटी आहे, की शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी मिळून वाचून होते. विशाल भारद्वाज यांचा त्यावरचा २००५ चा हिंदी चित्रपट त्याच रात्री पाहता येतो. पुस्तकातला दुकानदार आणि पंकज कपूर यांनी उभा केलेला दुकानदार यांच्या अपराधात फरक आहे. तो काय आहे, हे मी इथे सांगत नाही, तुमच्या मुलीला शोधू द्या. गावाने त्या माणसावर टाकलेला बहिष्कार योग्य होता का, यावर तुमच्या घरात नक्कीच दोन तट पडतील.

कधीकधी बदलामागचे कारण शोधण्यातही मजा असते. ओझच्या जादूगाराच्या १९०० सालच्या पुस्तकात नायिका डोरोथीचे जादूचे बूट चांदीचे आहेत, १९३९ च्या चित्रपटात ते लालभडक झाले, कारण नव्या रंगीत तंत्रात लाल रंग खुलून दिसत होता. हे सांगितल्यावर मुले सिनेमाकडेही कारागिरी म्हणून पाहू लागतात, आणि सिनेमाला चोर ठरवून पुस्तकाला साव म्हणण्याची गरज उरत नाही.

तुमच्या पतींना त्यांचा लहानपणीचा फास्टर फेणे मुलांना दाखवायचा आहे, त्याबद्दल एक सावधगिरी. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, शाळकरी आहे. २०१७ च्या चित्रपटातला बन्या तरुण आहे आणि कथा वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरव्यवहाराभोवती फिरते. तो मुलीसोबत पाहा, धाकट्याला त्या रात्री आजीजवळ राहू द्या. पुस्तके मात्र दोघांनाही चालतील आणि ती वडिलांनीच वाचून दाखवावीत. फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज कसा करतो, हे ज्याने लहानपणी करून पाहिले आहे, त्यानेच ते मुलांना शिकवावे.

वयाची खूण पाहण्याची सवयही लावून घ्या. २०२१ पासून ओटीटीवर आणि २०२४ च्या नियमांनंतर चित्रपटगृहातल्या ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या) चित्रपटांवरही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे दिलेले असतात. पण ही खूण प्रामुख्याने हिंसा, भीती, भाषा यांविषयी बोलते. पडद्यावर कोणाची तरी आई मरते, हे ती सांगत नाही. त्यासाठी घरातल्या एका मोठ्या माणसाने चित्रपट आधी पाहिलेला असावा, निदान शेवटचा अर्धा तास तरी. हॅरी पॉटरच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. ती सात पुस्तके १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली. पहिल्या वाचकांची बालपणीची वर्षे त्यांच्याबरोबर सरली आणि गोष्ट जसजशी काळवंडत गेली, तसतशी ती मुलेही मोठी होत गेली. आपल्या मुलांना आठही चित्रपट एका मे महिन्यात संपवता येतात. तसे होऊ देऊ नका. वर्षाला एक पुरे.

आणि एक छोटी गोष्ट. चित्रपट संपल्यावर, ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारू नका. तुम्हाला स्वतःला जे कळले नाही किंवा पटले नाही, तेवढेच विचारा. रात्र मोठी झाली असेल, डोळे मिटत असतील, तर काहीच विचारू नका. रविवारी सकाळी पोहे खाताना मुले आपणहून बोलतात. सिनेमा कोणता लावायचा, हेही पाळीपाळीने ठरू द्या, धाकट्याच्या आणि आजींच्या पाळीसकट. लांबलचक चित्रपट शनिवार-रविवार अर्धा अर्धा पाहिला, तरी काही बिघडत नाही. मधल्या रात्री ‘पुढे काय झाले असेल’ यावर जे बोलणे होते, तिथे कल्पनाशक्तीला मोकळे रान मिळते.

राहिली ती खूण. मुलीशी त्याबद्दल कसे बोलावे, असे तुम्ही तळटीपेत विचारले आहे. मला वाटते, आधी तुम्ही बोलावे, तिच्याविषयी नाही, स्वतःविषयी. ‘मी त्या दिवशी तुझी परीक्षा घेतली, ते मला करायला नको होते’ एवढेच. मग कपाटातून ते पुस्तक काढा, खूण शेवटच्या पानातून काढून अजगराची कथा सुरू होते, त्या पानात ठेवा आणि रात्री धाकट्याला ती कथा मोठ्याने वाचायला घ्या. मुलीला बोलावू नका. वन बीएचकेमध्ये आवाज सगळीकडे जातो. माकडे मोगलीला झाडांवरून उचलून नेतात, तिथवर आलात, की पाणी प्यायला म्हणून दहा मिनिटे उठा आणि पुस्तक उघडेच राहू द्या.